वाफ ढकलते की ओढते?

पहिली वाफेची इंजिने का निघाली, कशी चालत, आणि आपल्या उसाच्या दराशी त्यांचा संबंध काय



गळीत हंगामात कारखाना पाहावयास येणारे सभासद बहुधा गव्हाणीपासून सुरुवात करतात आणि साखरेच्या पोत्यापाशी येऊन थांबतात. बॉयलरकडे फारसे कोणी जात नाही. तिकडे उष्णता, आवाज आणि भुशाची धूळ. मागे एक वडीलधारे सभासद नातवाला घेऊन आले होते, ते मात्र मुद्दाम बॉयलरपाशी थांबले. वरच्या जाड नळांकडे बघून त्यांनी तिथल्या तरुण इंजिनिअरला विचारले, "साहेब, ही वाफ ढकलती का वढती?"

"तात्या, वाफ ढकलते," इंजिनिअर म्हणाला. मग पॅनकडे पाहून जरा थांबला आणि म्हणाला, "पण तिथं वर मात्र ओढल्यासारखं काम होतं."

तात्या हसले. म्हणाले, "म्हंजी बैलावानी. म्होरं बी चालतो अन् मोट बी वढतो."

प्रश्न साधा वाटला तरी वाफेच्या इंजिनाचा सगळा इतिहास त्यात आहे. म्हणून या अंकात थोडे सविस्तर सांगत आहोत. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना जवळ बसवून वाचले तर जास्त बरे.

मूळ गरज पाण्याची

पुष्कळांना वाटते, वाफेचे इंजिन आगगाडीसाठी निघाले. तसे नाही. आगगाडी यायच्या अगोदर सुमारे शंभर वर्षे ही इंजिने चालू होती, आणि त्यांचे काम एकच होते : खोलातले पाणी उपसणे.

आपल्याकडे विहीर खोल गेली की मोट ओढणाऱ्या बैलांची दमछाक होई. धाव लांबवावी लागे, नाडा वाढवावा लागे, दोन बैलांचे काम चार बैलांवर जाई. इंग्लंडात तीच अडचण खाणवाल्यांची झाली. वरवरचा कोळसा आणि कथिल काढून झाल्यावर खाणी खोल गेल्या, आणि खोल गेल्या तसे पाणी लागले. पाणी उपसावयास घोडे जुंपत. पण घोडा काम असो वा नसो, दाणावैरण खातोच. पाण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होऊ लागला की खाण बंद करावी लागे. खाली माल आहे, वर गिऱ्हाईक आहे आणि मध्ये पाणी आहे, अशी स्थिती. गरज होती ती खाणीच्या तोंडाशी मिळणारा हलका कोळसा जाळून पाणी उपसणाऱ्या यंत्राची.

हवेला वजन आहे

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे सोपे जाईल. आपल्या सर्वांवर हवेचा दाब आहे. तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. तो सर्व बाजूंनी सारखा असतो म्हणून जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून टाकली, की दुसऱ्या बाजूची हवा जोराने दाबते. इटलीतील तोरिचेल्ली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने हे दाखवून दिले.

शेतकऱ्याला याचा अनुभव रोजचा आहे. विहिरीच्या काठावर बसविलेला पंप पाण्यापासून पंचवीसएक फुटांच्या वर गेला की पाणी उचलत नाही. पंप लहान असो की मोठा, त्याचे काही चालत नाही. कारण पंप पाणी ओढतच नाही. तो नळीतली हवा काढतो, आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन पाणी वर ढकलते. हवेची ताकद संपली की पाणी थांबते. हिशेबाने ती मर्यादा सुमारे १० मीटर म्हणजे ३३-३४ फूट आहे. गळती आणि घर्षण धरले की प्रत्यक्षात पंचवीस फूट पदरात पडतात.

म्हणजे 'ओढणे' हा आपला भास आहे. खरे काम बाहेरची हवा करते.

वाफेचे काम : जागा रिकामी करणे

पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सुमारे सोळाशे ते सतराशे पट जागा व्यापते. उलट तीच वाफ बंद भांड्यात थंड केली, की तिचे पुन्हा चमचाभर पाणी होते आणि बाकीची जागा रिकामी पडते. ना हवा, ना वाफ. या रिकामपणाला निर्वात किंवा व्हॅक्यूम म्हणतात.

हे घरी पाहता येते. झाकण घट्ट बसणारा पातळ पत्र्याचा रिकामा, स्वच्छ डबा घ्या. त्यात वाटीभर पाणी घालून, तोंड उघडे ठेवून उकळा. वाफ जोरात येऊ लागली की डबा आधी विस्तवावरून खाली घ्या आणि मगच झाकण घट्ट लावा. वरून गार पाणी ओता. डबा कोणी लाथ मारल्यासारखा आत चेपतो. बंद डबा विस्तवावर कदापि ठेवू नये. हा प्रयोग मोठ्या माणसाने हात जपून करावा, मुलांनी लांबून बघावा.

डबा कोणी चेपला? वाफेने नव्हे. वाफेने जागा करून दिली आणि हवेने चेपला. पहिली वाफेची इंजिने याच युक्तीवर चालत.

सेव्हरी आणि न्यूकोमेन

१६९८ साली थॉमस सेव्हरी याने इंग्लंडात एका यंत्राचे पेटंट घेतले. त्यात दट्ट्या नव्हता. बंद भांड्यात वाफ सोडायची, भांडे बाहेरून गार करायचे, आत निर्वात झाला की खालचे पाणी नळीने वर चढायचे. मग पुन्हा वाफ सोडून तिच्या दाबाने ते पाणी आणखी वर ढकलायचे. युक्ती चांगली होती, पण चढविण्याची मर्यादा आपल्या पंपाचीच. त्याहून वर ढकलायचे तर वाफेचा दाब वाढवावा लागे, आणि त्या काळचे बॉयलर व सांधे तो दाब सोसत नसत. खोल खाणीला ते पुरे पडले नाही.

खरे काम केले ते थॉमस न्यूकोमेन याने. तो डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी होता आणि खाणवाल्यांशी त्याचा व्यवहार असे. त्याचे इंजिन १७१२ साली डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर चालू झाले.

त्याची रचना अशी. एक मोठी लाकडी तुळई मध्यावर तोललेली. तिच्या एका टोकाला खाणीतल्या पंपाचा दांडा, दुसऱ्या टोकाला साखळीने टांगलेला दट्ट्या. दट्ट्या वरून उघड्या सिलिंडरमध्ये खालीवर होई. पंपाच्या दांड्याच्या वजनाने तुळई तिकडे कलली की दट्ट्या वर येई आणि सिलिंडरमध्ये खालून वाफ भरे. मग वाफेचा कॉक बंद करून आत गार पाण्याचा फवारा सोडीत. वाफेचे पाणी होई, निर्वात होई, आणि वरची हवा दट्ट्याला खाली दाबी. तुळईचे दुसरे टोक उचलले जाई आणि खाणीतले पाणी वर येई. मिनिटाला असे सुमारे बारा फेरे होत.

सिलिंडरचा व्यास होता २१ इंच. म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस सेंटिमीटर. निर्वात पुरा झाला असता तर दट्ट्यावर २,२०० किलोचा भार पडला असता. आत थोडी हवा व वाफ राहतेच, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या निम्मा भार धरावा. तरीही एका फेऱ्यात १० गॅलन पाणी सुमारे दीडशे फूट वर येत असे. सेकंदाचा हिशेब केला तर सुमारे ९ लिटर पाणी ४६ मीटर उंच. ही ताकद साडेपाच हॉर्सपॉवर भरते.

आज विहिरीवर कोपऱ्यात बसणारी पाच हॉर्सपॉवरची मोटर तेवढेच काम करते. न्यूकोमेनला त्यासाठी दुमजली घराएवढे बांधकाम लागले. तरीही ते चालले, कारण ते रात्रंदिवस चाले आणि त्याला वैरण लागत नसे.

तवा गार करणारी सुगरण

या इंजिनात एक मोठा दोष होता. ते कोळसा अतोनात खाई. शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर रुपयाचेसुद्धा काम पदरात पडत नसे. बाकी सगळी उष्णता वाया. कोळशाच्या खाणीवर हे खपून जाई. पण कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींना कोळसा लांबून विकत आणावा लागे, त्यांना ते परवडेना.

दोष कुठे होता, ते घरातल्या बायामाणसांना आधी कळेल. समजा, एखादी बाई भाकरी भाजते आणि प्रत्येक भाकरी उतरवल्यावर तव्यावर तांब्याभर गार पाणी ओतते. पुढची भाकरी टाकायची तर आधी तवा पुन्हा तापला पाहिजे. निम्म्याहून जास्त सरपण तवा तापविण्यातच जाईल. सासू गप्प बसेल काय? न्यूकोमेनचे इंजिन नेमके हेच करी. दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये गार पाणी, आणि दर फेऱ्याला पुढची वाफ आधी लोखंड तापविण्यात खर्च.

जेम्स वॉट हा स्कॉटलंडातील ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनाचा एक लहान नमुना त्याच्याकडे दुरुस्तीला आला. वाफ एवढी कशाला लागते, म्हणून त्याने मोजमाप सुरू केले. १७६५ साली त्याला उत्तर सापडले : तवा तापलेलाच ठेवा, गार करण्याचे भांडे निराळे करा. सिलिंडरला नळीने एक वेगळे भांडे जोडायचे, ते सदैव गार ठेवायचे. कॉक उघडला की वाफ धावत तिकडे जाते आणि तिथे तिचे पाणी होते. सिलिंडर गरमच राहतो. या भांड्याला कंडेन्सर म्हणतात. पेटंट १७६९ साली मिळाले. मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराशी १७७५ पासून भागी झाली आणि १७७६ साली पहिली इंजिने कामाला लागली. कोळसा न्यूकोमेनच्या मानाने चौथाई-तिहाईवर आला.

त्यांचा व्यवहार सहकारी माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्या बचतीचा तिसरा हिस्सा ते दरसाल घेत. त्यांचे उत्पन्न वाचलेल्या जळणावर अवलंबून होते, आणि ती बचत मोजून दाखवावी लागे. मोजल्याशिवाय बचत दिसत नाही, हा धडा वॉटपासून घ्यावा.

हॉर्सपॉवर हे मापही वॉटने ठरविले. गिऱ्हाईक विचारी, "हे इंजिन किती घोड्यांचे काम करील?" म्हणून त्याने घोड्याचे काम मोजून आकडा बसविला. आपल्या मापात ७५ लिटर पाणी एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक हॉर्सपॉवर. विजेच्या मोटरच्या पाटीवर आजही तो घोडा आहेच.

ढकलणारी वाफ आपल्याकडे आली

वॉटला जास्त दाबाच्या वाफेची भीती वाटे. त्याचे पेटंट १८०० साली संपले आणि रिचर्ड ट्रेव्हिथिक याने जास्त दाबाची इंजिने केली. इथे वाफ स्वतः दट्ट्याला ढकलते आणि काम झाले की बाहेर फेकली जाते. कंडेन्सर नाही, तुळई नाही, त्यामुळे इंजिन लहान झाले आणि चाकांवर बसले. १८०४ साली त्याचे इंजिन वेल्समध्ये रुळांवरून धावले.

मुंबईत गोदीवाल्या वाडिया घराण्यातील आर्देशीर कर्सेटजी यांनी १८३० नंतरच्या काही वर्षांत वाफेच्या इंजिनांचे काम हाती घेतले. 'इंडस' ही लहान आगबोट त्यांनी बांधली. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन वाफेचे इंजिन आपल्या नगर जिल्ह्यातून शिट्टी मारीत जाऊ लागले.

पुढे प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, पाटाचे पाणी आले, ऊस आला आणि उसामागून बॉयलर आले. पहिले कारखाने खाजगी कंपन्यांचे होते. मग पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचा बॉयलर या जिल्ह्यात पेटला तो त्या वर्षी.

गुऱ्हाळ आणि कारखाना

आता तात्यांच्या प्रश्नाकडे येऊ. साखर कारखान्यात वाफ दोन्ही कामे करते.

बॉयलरमधून निघालेली जोरदार वाफ आधी टर्बाइन फिरविते. जुन्या कारखान्यांत दट्ट्याची इंजिने मिल ओढीत. नंतर टर्बाइन आल्या आणि आता पुष्कळ ठिकाणी टर्बाइनने वीज करून मिल विजेच्या मोटरवर चालवितात. इथे वाफ ढकलते. पण ट्रेव्हिथिकसारखी ती आकाशात फेकून देत नाहीत. जोर गेला तरी तिच्यात उष्णता भरपूर असते. ही वापरलेली वाफ, म्हणजे एक्झॉस्ट, रस आटविण्यासाठी जाते.

गुऱ्हाळात काय होते? चुलवाणात चिपाड जळते, काहिलीत रस उकळतो आणि सगळी वाफ वर जाते. शंभर किलो रसात पंधरा किलो घन पदार्थ असले आणि कारखान्यातल्या पाकाइतके, म्हणजे शंभरात साठपर्यंत, तो घट्ट करायचा असला, तर ७५ किलो पाणी उडवावे लागते. उघड्या भांड्यात त्याला साधारण तेवढीच वाफ लागते.

नॉर्बर्ट रिलियू हा अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा, कृष्णवर्णीय आईचा मुलगा. पॅरिसमध्ये तो वाफेच्या इंजिनांचे शास्त्र शिकवीत असे. रसातून निघालेली वाफ ही पण वाफच आहे, ती वाया का घालवायची, असा त्याचा विचार. १८४३ साली त्याने पेटंट घेतले. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्याचा रस उकळते, दुसऱ्याची तिसऱ्याचा. पण पहिल्याच्या वाफेवर दुसरे भांडे उकळायचे, तर दुसरे कमी उष्णतेवर उकळले पाहिजे. त्यासाठी पुढच्या पुढच्या भांड्यात दाब कमी कमी ठेवतात आणि शेवटच्या भांड्याला कंडेन्सर जोडून निर्वात करतात. चार भांड्यांत तेच ७५ किलो पाणी उडवावयास सुमारे १९ किलो वाफ पुरते. इव्हॅपोरेटरच्या ओळीने उभ्या बॉड्या दिसतात, त्या याच.

साखरेचे पॅनही निर्वातावर चालते. ही युक्ती इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्ड याने १८१३ च्या सुमारास आणली. पॅनमध्ये पाक साठ-पासष्ट अंशांवर उकळतो, त्यामुळे साखर करपत नाही. कारखान्यामागे तळ्यावर फवारे उडताना दिसतात, ते शोभेचे नव्हेत. कंडेन्सरचे गरम पाणी तिथे गार करतात. न्यूकोमेनचा गार पाण्याचा फवारा आणि वॉटचे निराळे भांडे, दोन्ही तुमच्या कारखान्यात आजही कामावर आहेत.

यात सभासदाचे काय?

हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. एक टन उसातून सुमारे २८० किलो बगॅस निघते. एक किलो ओल्या बगॅसवर साधारण २.२ किलो वाफ होते. एक टन ऊस गाळण्यास ५०० किलो वाफ लागली, तर २२७ किलो बगॅस जळते आणि ५३ किलो उरते. तेच काम ४०० किलो वाफेत केले, तर १८२ किलो जळते आणि ९८ किलो उरते. टनामागे ४५ किलोचा फरक. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात तो दिवसाला २२५ टन होतो. ही बगॅस विकता येते किंवा तिच्यावर वीज करून देता येते.

राज्याच्या २०१३ च्या ऊस दर विनियमन कायद्याने उसाचा दर ठरविताना साखरेबरोबर बगॅस, मळी व प्रेसमड यांचे उत्पन्नही हिशेबात आणले आहे. तेव्हा वाया गेलेली वाफ कारखान्याची एकट्याची नाही. ती आपल्या बिलातून जाते.

वाफ वाचविण्याचे निम्मे काम बॉयलर आणि पॅनवरच्या कामगारांचे आहे : नळांवरचे वेष्टण, गळती, बगॅसचा ओलावा, बॉड्यांची वेळेवर सफाई. उरलेले निम्मे शेतातून सुरू होते.

पहिली गोष्ट, उसाबरोबर माती येऊ देऊ नका. माती-वाळू बगॅसबरोबर भट्टीत जाते, राख वाढते, बॉयलरच्या नळ्या झिजतात.

दुसरी, तोडलेला ऊस फडात शिळा होऊ देऊ नका. शिळ्या उसाचा रस चिकट होतो, पॅन उशिरा उतरते, वाफ जास्त लागते आणि साखर कमी बसते.

तिसरी, ऊस सारखा येत राहू द्या. एके दिवशी यार्डात गाड्यांची रांग आणि दुसऱ्या दिवशी गव्हाण रिकामी, असे झाले की बॉयलर जळतच राहतो आणि काम होत नाही. मिल थांबली म्हणून बॉयलर लगेच विझविता येत नाही. ही न्यूकोमेनच्या तव्याचीच गोष्ट. गार करा, पुन्हा तापवा. तोडणीच्या पाळीची शिस्त अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी नाही, तवा तापलेला राहावा म्हणून आहे. याद्या नीट लागल्या नाहीत तर सभासदाने जरूर विचारावे. आणि याद्या नीट लागल्या असतील तर त्या सभासदाने पाळाव्या.

असो. परवा ते तात्या पुन्हा भेटले. त्यांना ही सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि नातवाकडे वळून म्हणाले, "ऐकलं का रं? वाफ ढकलती बी अन् जागा बी करून देती. पर उधळली तर आपल्याच खिशातून जाती."

बॉयलरचे अग्निप्रदीपन होईल तेव्हा हे वाक्य आठवावे. आणि पुढच्या वेळी कारखाना पाहावयास याल, तेव्हा मुलांना घेऊन बॉयलरपाशी, बॉड्यांपाशी आणि फवाऱ्याच्या तळ्यापाशी जरा थांबावे.